छप्पर कोणाचं, वीज कोणाची

विजेचं नियोजन हे जाणकारांचं काम आहे, ते सभा भरवून करता येत नाही, असं माझं वर्षानुवर्षं ठाम मत होतं. भिवंडीतल्या यंत्रमागाच्या कारखान्यांमध्ये मोटारी, केबली, मीटरच्या पेट्या आणि अर्थिंगची कामं करण्यात माझं आयुष्य गेलं. कुठली केबल किती भार सोसेल, ट्रान्सफॉर्मर कशाने तापतो, न्यूट्रल सैल झाली की काय होतं, हे हात वर करून ठरत नाही. म्हणून विजेच्या बाबतीत कोणी लोकसहभागाची भाषा काढली की मला तो वेळकाढूपणा वाटायचा. पाणी, रस्ता, गटार यांवर गावाने जरूर बोलावं, वीज मात्र इंजिनिअरवर सोडावी, असं मी उघड म्हणत असे.

आज मी तसं म्हणत नाही. भिवंडीने पुढच्या काळात सूर्यावरची वीज कशी आणायची, किती आणायची आणि तिचा फायदा कोणाच्या पदरात पडायचा, याचा आराखडा मोहल्ल्यात, कारखान्यात आणि ग्रामसभेत बसूनच करावा लागेल, असं आता माझं मत आहे. हा बदल कोणाच्या भाषणाने झाला नाही. काम करता करता काही गोष्टी समोर आल्या आणि जुनं मत त्यांना पुरेनासं झालं. त्या गोष्टी इथे क्रमाने मांडतो.

आधी जुन्या मताची बाजू सांगतो, कारण तिला भक्कम आधार होता. 2006च्या सुमाराची भिवंडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. भारनियमनात माग तासन्‌तास उभे असायचे. तारांवर आकडे टाकलेले, वाढीव भाराने ट्रान्सफॉर्मर जळालेले, आणि नवा बसेपर्यंत अख्खी गल्ली अंधारात. वर्षाला शंभरातले चाळीसच्या घरात ट्रान्सफॉर्मर नादुरुस्त होत. शहरात येणाऱ्या विजेपैकी निम्म्याहून अधिक विजेचे पैसेच वसूल होत नव्हते. गळती आणि थकबाकी मिळून हा आकडा 58 टक्क्यांच्या आसपास होता. अशा अवस्थेत महावितरणने भिवंडीचं वितरण टोरंट पॉवर कंपनीकडे सोपवलं. 26 जानेवारी 2007 रोजी ही फ्रँचायझी सुरू झाली. देशातला हा या धर्तीचा पहिला प्रयोग होता. नवे ट्रान्सफॉर्मर बसले, केबली बदलल्या, मीटर बदलले आणि काही वर्षांतच तो 58चा आकडा वीसच्या आत आला.

हा निर्णय शहराला विचारून झाला नव्हता. त्याला विरोध झाला, मोर्चे निघाले, बिलांबद्दलची नाराजी आजही कानावर येते. तरीही माग चालू लागले, ही वस्तुस्थिती मी डोळ्यांनी पाहिली होती. हाच साचा पुढे औरंगाबाद, जळगाव आणि नागपूरला लावला गेला तेव्हा तो तिथे टिकला नाही, हेही खरं. पण माझ्यापुरता निष्कर्ष ठरलेला होता: पैसा, यंत्रसामग्री आणि शिस्त असली की वीज सुधारते, लोकांच्या संमतीवाचून तिचं काही अडत नाही.

या निष्कर्षाला पहिला धक्का बसला तो छपरावर.

1 एप्रिल 2017 रोजी केंद्र सरकारची ‘पॉवरटेक्स इंडिया’ योजना जाहीर झाली, तीही आमच्या भिवंडीत. यंत्रमागांसाठीच्या या योजनेत सौर ऊर्जेचा एक स्वतंत्र भाग होता. लहान कारखानदाराने आपल्या छपरावर सौर संच बसवला, तर सर्वसाधारण गटाला खर्चाच्या 50 टक्के, अनुसूचित जातींना 75 आणि अनुसूचित जमातींना 90 टक्के मदत मिळायची होती. चार, सहा, आठ मागवाल्यांपर्यंत पोचणारी योजना होती ती. कागदावर तिच्यात मला खोट दिसेना. सरकारने आठ मागवाल्या माणसाचा विचार केला, याचं मला मनापासून कौतुक वाटलं. आता फक्त छपरं मोजायची आणि संच बसवायचे, असं मी धरून चाललो.

मग छपरावर चढायची वेळ आली. आमच्याकडच्या जुन्या कारखान्यांचं छप्पर म्हणजे लोखंडी कैच्यांवर टाकलेले सिमेंटचे पत्रे. त्यांवर चालताना पाय बोल्टांच्या ओळीवरच ठेवायचा असतो. मधल्या भागावर भार पडला तर पत्रा फुटून माणूस थेट चालू मागावर कोसळतो. वर कापसाच्या तंतूंचा आणि धुळीचा थर असतो. पावसाळ्यापूर्वी जिथे तिथे डांबराची ठिगळं लावलेली असतात. कैच्यांना गंज चढलेला असतो, आणि त्या उभ्या केल्या त्या वेळी वरून आणखी काही ठेवायचं आहे, हा हिशेब कोणीच केलेला नसतो. सौर संचाला चौरस मीटरमागे साधारण पंधरा किलो वजन पेलणारं छप्पर लागतं. शिवाय वादळी वाऱ्यात पॅनेल वर उचलली जातात, ती ओढ सोसणारी बांधणी लागते. सप्टेंबर 2020 मध्ये भिवंडीतल्या पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत पहाटे कोसळली आणि चाळीसच्या आसपास माणसं गेली. त्या शहरात छपरावरच्या वाढीव वजनाचा प्रश्न हा जिवाचा प्रश्न आहे. योजनेच्या अर्जात मात्र कैचीचं वय सांगायला रकाना नव्हता.

दुसरा धक्का आकडेमोडीचा. चोवीस मागांचा एक कारखाना घेऊ. एका साध्या मागाला एक अश्वशक्तीची मोटार, म्हणजे पाऊण किलोवॅट. चोवीस मागांचे झाले अठरा किलोवॅट. आमच्याकडे बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात. मोटारी पूर्ण भार घेत नाहीत, सुताचा बीम बदलताना आणि तुटलेली तार, म्हणजे धागा, जोडताना माग थांबतो, हे सगळं वजा केलं तरी दिवसाला तीनशेच्या आसपास युनिट लागतात. आता छप्पर पाहा. चोवीस मागांची शेड साधारण दीड हजार चौरस फुटांची. एका किलोवॅटला शंभर चौरस फूट लागतात. सावली, कडा, चालण्याची जागा सोडली की दहा किलोवॅट बसतील. एक किलोवॅट आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट देतो. म्हणजे झाले चाळीस युनिट. तीनशेची गरज आणि चाळीसची सोय. छप्पर नवं करून, सगळं नीट बसवूनही सातवा हिस्सा भागला.

यंत्रमाग आपल्या छपरावर चालत नाही, हे त्या दिवशी मला लख्ख कळलं. पण त्याच भिवंडीत धामणकर नाक्यावरून अंजूरफाट्याकडे जा, तिथून पुढे राहनाळ, पूर्णा, काल्हेर, वळ, दापोडा, माणकोली या गावांत शिरा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामं, आणि गोदामांवर लाखो चौरस फुटांचं मोकळं छप्पर. मुंबईकर घरबसल्या जे मागवतो, त्यातलं बरंचसं या पत्र्यांखालून जातं. एक लाख चौरस फुटांच्या एका गोदामाचा निम्म्याहून थोडा अधिक भाग वापरला तरी सहाशे किलोवॅट बसतात, दिवसाला चोवीसशे युनिट होतात, म्हणजे चोवीस मागांच्या आठ कारखान्यांची गरज भागते. गोदामाला स्वतःला वीज लागते थोडी: दिवे, पंखे, कुठे शीतगृह, कुठे माल उचलायची गाडी. ज्याच्याकडे छप्पर आहे त्याला विजेची भूक नाही, आणि ज्याला भूक आहे त्याचं छप्पर तोकडं.

हे सुचल्यावर माझ्यातला इंजिनिअर खूश झाला. गोदामांवर वीज करू, ती यंत्रमागांच्या बिलात वळती करू, झालं काम! एका जागी तयार झालेली वीज दुसऱ्या जागच्या ग्राहकांच्या बिलात वळती करायची ही पद्धत काल्पनिक नाही. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने 2019 मध्ये त्यासाठी नियमावली केली. मी तक्ता तयार केला आणि ओळखीच्या कारखानदारांना म्हटलं, सुट्टीच्या दिवशी बसू, समजावून सांगतो. मी समजावणार आणि ते ऐकणार, अशीच त्या बैठकीची कल्पना माझ्या मनात होती.

बैठक शांतीनगरमधल्या एका बंद शेडमध्ये झाली. मालक होते, भाड्याने शेड घेऊन माग चालवणारे होते, दोन-चार कारागीर होते, आणि कारागिरांची बिसी, म्हणजे खाणावळ, चालवणारी एक बाई दाराशी उभी होती. मी तक्ता मांडला. पहिला प्रश्न एका सोळा मागवाल्याने विचारला. तो म्हणाला, “माझं बिल कमी झालं हे व्यापाऱ्याला कळल्याशिवाय राहील का? दुसऱ्या दिवशी तो मजुरी पाडेल.”

हा प्रश्न बाहेरच्या माणसाला कळणार नाही म्हणून थोडं सांगतो. भिवंडीतले असंख्य कारखानदार स्वतःच्या सुताचं कापड विणत नाहीत. व्यापारी सूत किंवा भरलेले बीम देतो, कारखानदार विणून देतो आणि पिकावर मजुरी घेतो. पीक म्हणजे कापडाच्या इंचात पडणारे आडवे धागे. मजुरीचा दर पैशांत ठरतो, आणि तो ठरवताना दोन्ही बाजू विजेचा खर्च धरूनच बोलतात. वीज स्वस्त झाली की ती बचत मागवाल्याकडे राहील की व्यापाऱ्याकडे सरकेल, हे बाजारातल्या ताकदीवर ठरतं. माझ्या तक्त्यात बचतीचा रकाना होता. ती बचत शेवटी कोणाच्या खिशात पडते, हा रकाना नव्हता. आणि तो भरल्याशिवाय कोणताही शहाणा मागवाला पंचवीस वर्षांच्या संचासाठी कर्ज काढणार नाही.

दुसरा प्रश्न सवलतीचा. यंत्रमागांना राज्य सरकारची वीजदरात सवलत आहे, आणि 27 अश्वशक्तीच्या आतबाहेर तिचं गणित बदलतं. सवलतीमुळे मागवाल्याचं युनिट आधीच स्वस्त पडतं, म्हणून सौर संचातून वाचणारा पैसाही तेवढा कमी आणि संचाचे पैसे फिटायला तेवढी वर्षं जास्त. “सोलर बसवलं म्हणून सरकारने सवलत काढून घेतली तर?” असं एकाने विचारलं. माझ्यापाशी उत्तर नव्हतं. ते उत्तर सरकारकडून लेखी मिळवायला हवं, आणि एकट्या मागवाल्याला ते कोण देणार?

तिसरा प्रश्न भाडेकरूचा. शेड एकाची, माग दुसऱ्याचे, मीटर कधी तिसऱ्याच्याच नावावर. अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर माणसं आयुष्यभर माग चालवतात. घरांचंही तेच. 13 फेब्रुवारी 2024 रोजी जाहीर झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला 78,000 रुपये अनुदान आहे, पण त्यासाठी घर स्वतःचं आणि छप्पर संचाजोगतं लागतं. भिवंडीतला कारागीर खोलीत राहतो, आणि एका खोलीत दिवसपाळीचे आणि रातपाळीचे आळीपाळीने झोपतात. त्याच्यासाठी या योजनेत दार नाही.

आणि मग दाराशी उभ्या असलेल्या बाईने विचारलं, “पॅनेल लावली तर दुपारी पत्रा कमी तापेल का?” रातपाळी करून आलेले कारागीर दुपारी पत्र्याखाली झोपतात, एप्रिल-मेमध्ये त्यांना डोळा लागत नाही, असं ती म्हणाली. मी सांगितलं, हो, तापेल कमी. पॅनेलची सावली पत्र्यावर पडते आणि मधून हवा खेळते. तिच्या एका प्रश्नाने माझ्या हिशेबात एक नवी गोष्ट आली. युनिट आणि रुपये एवढ्यातच मी फायदा मोजत होतो. झोपलेल्या माणसाच्या डोक्यावरचा पत्रा थंड होणं, हाही या विजेचाच फायदा आहे. तो धरला तर पहिल्यांदा कुठली छपरं घ्यायची, हा क्रमच बदलतो.

त्या बैठकीत मी काही समजावून दिलं नाही असं नाही. ढग आले की व्होल्टेज पडेल का, मागावरची तार तुटेल का, असं एका कारागिराने विचारलं. त्याची मजुरी कापडाच्या मीटरवर, माग थांबला की त्याचे पैसे थांबतात. ग्रिडला जोडलेल्या संचात कमी पडलेली वीज ग्रिडमधून आपोआप येते, हे मी त्याला नीट सांगू शकलो. माझं ज्ञान तिथे उपयोगी पडलं. पण ज्या प्रश्नांवर आराखडा तरणार की बुडणार हे ठरणार होतं, ते सगळे त्यांचे होते.

घरी येऊन मी मागच्या काळाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. दाभोळचं प्रकरण आम्हा वीजवाल्यांना पाठ आहे. 8 डिसेंबर 1993 रोजी राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी करार केला. त्या करारावर नामांकित सल्लागार, वकील, बँका यांचे शिक्के होते. जाणकारांची कमी नव्हती. करारातल्या अटी मात्र लोकांपुढे नव्हत्या. 1999 मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, वीज परवडेना, मे 2001 मध्ये मंडळाने ती घेणं थांबवलं आणि प्रकल्प बंद पडला. त्याच सुमाराला माधव गोडबोले समितीने त्याची चिकित्सा केली. पण पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या छोट्या गटाने त्या कराराचा हिशेब मांडून ही वीज राज्याला झेपणार नाही, हा इशारा कितीतरी आधी दिला होता. मी दाभोळकडे राजकारणाची भानगड म्हणून पाहायचो. आता मला त्यात विजेच्या नियोजनाचाच धडा दिसतो.

त्याहून मोठी गोष्ट 2000 सालची. महाराष्ट्र वीज नियामक आयोग 1999 मध्ये स्थापन झाला आणि दरवाढीच्या पहिल्या प्रस्तावावर त्याने लोकांकडून हरकती मागवल्या. वीज मंडळ तोवर आपली गळती अठरा टक्क्यांच्या आसपास सांगत आलं होतं. हरकती घेणाऱ्यांनी शेतीपंपांच्या वापराचे आकडे तपासायला लावले, कारण मीटर नसलेल्या पंपांच्या नावावर कितीही वीज दाखवता येते. छाननी झाली आणि गळती तीस टक्क्यांच्या वर असल्याचं मान्य करावं लागलं. गळती हा शुद्ध तांत्रिक आकडा आहे. तो इंजिनिअरांच्या हातात होता तोवर दबलेला राहिला आणि जनसुनावणीत खरा झाला. लोकांना विचारल्याने तांत्रिक काम ढिलं पडतं, या माझ्या समजाला यापेक्षा थेट उत्तर असू शकत नाही.

2003च्या वीज कायद्याने हा हक्क पक्का केला. कलम 64 प्रमाणे दराचा प्रस्ताव प्रसिद्ध करावा लागतो आणि आयोगाला लोकांच्या सूचना-हरकती विचारात घ्याव्या लागतात. इचलकरंजीचे प्रताप होगाडे महाराष्ट्र वीज ग्राहक संघटनेच्या वतीने वर्षानुवर्षं आयोगापुढे यंत्रमागांची बाजू मांडत आले आहेत. इचलकरंजीचे माग आमच्यासारखेच. तिथल्या मागवाल्याला आयोगाचा दरवाजा माहीत आहे. भिवंडी देशातल्या सगळ्यात मोठ्या यंत्रमाग वस्त्यांपैकी एक असूनही, बिल वाढलं की आम्ही रस्ता गाठतो, सुनावणी नाही.

छोट्या वस्तीने आपली वीज आपण ठरवल्याची उदाहरणं आपल्याकडे आहेत. पुणे जिल्ह्यातल्या दरेवाडीत 2012 मध्ये ‘ग्राम ऊर्जा’ या पुण्याच्या संस्थेने चाळीसेक घरांसाठी सौर वीजकेंद्र उभारलं. घरोघरी मीटर बसले आणि ते चालवायला गावकऱ्यांचंच विश्वस्त मंडळ नेमलं गेलं. पैसे ते गोळा करणार, देखभाल ते पाहणार. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातली शंभरेक घरांची मान्याचीवाडी 2024 मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली. जगात डेन्मार्कच्या साम्सो बेटाचं नाव घेतलं जातं. चार हजार वस्तीच्या त्या बेटाने 1997 मध्ये दहा वर्षांत स्वतःच्या गरजेइतकी नूतनशील ऊर्जा निर्माण करायची असं ठरवलं आणि करून दाखवलं. पवनचक्क्यांमध्ये तिथल्या शेतकऱ्यांचे आणि रहिवाशांचे स्वतःचे हिस्से होते, म्हणून त्या त्यांना परक्या वाटल्या नाहीत.

पण ही सगळी ठिकाणं लहान, एकजिनसी आणि सगळे सगळ्यांना ओळखतात अशी. 2011च्या जनगणनेत सात लाखांच्या वर असलेलं भिवंडी शहर तसं नाही. इथे मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू बोलणारी माणसं एका गल्लीत राहतात. त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. छपरं आहेत ग्रामपंचायतींच्या हद्दीत, माग आहेत महापालिकेच्या हद्दीत. गोदामांच्या गावांचं नियोजन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए), वितरण फ्रँचायझीकडे, परवाना महावितरणकडे, दर आयोगाकडे. गोदामवाल्या गावाला निदान ग्रामसभा आहे. शहराला राज्यघटनेच्या 74व्या दुरुस्तीने प्रभाग समिती दिली, पण मागवाल्याने तिथे जाऊन विजेवर बोलावं, अशी रीत पडलेली नाही. आणि गाव व शहर दोघांनी एकत्र बसावं अशी जागा तर कुठेच नाही.

गोदामांच्या गावातला एक आगरी शेतकरी मला म्हणाला, “छप्पर माझं आहे, पण करार कंपनीशी आहे. कंपनी पाच वर्षांनी सोडून गेली आणि नव्या भाडेकरूला छप्पर उंच करायचं असलं तर तुमच्या पंचवीस वर्षांच्या पॅनेलचं काय करू?” या प्रश्नाला अडाणी माणसाची शंका म्हणून बाजूला सारता येत नाही. जमीन विकून, गोदाम बांधून, भाड्यावर घर चालवणाऱ्या माणसाचा तो रोजचा व्यवहार आहे. नेट मीटरिंगच्या नियमात छपरावरची क्षमता त्या जागेच्या मंजूर भाराच्या आत ठेवावी लागते. म्हणजे थोडी वीज वापरणाऱ्या गोदामाने मोठा संच स्वतःच्या बळावर बसवावा असं कारणच नाही. त्याला भाडं मिळणार असेल, धोका कोणीतरी उचलणार असेल, तरच तो छप्पर देईल. तो किती भाडं मागतो आणि मागवाला किती दर देऊ शकतो, हे दोघांना समोरासमोर बसवल्याशिवाय कळणार नाही.

म्हणून आराखड्याची सुरुवात कुठून व्हावी, याबद्दल मला आता स्पष्टपणे सांगायचं आहे. पहिलं, छपरांची पाहणी. प्रत्येक प्रभागात आणि गावात छप्पर कोणाचं, किती जुनं, कैची कशी, भाडेकरू कोण, मीटर कोणाच्या नावावर, याची यादी तिथल्याच तरुण वायरमनना आणि आयटीआयच्या मुलांना घेऊन करावी, आणि ती यादी प्रभाग कार्यालयात व ग्रामपंचायतीत मराठी, उर्दू आणि तेलुगूत लावावी. दुसरं, मागवाले, भाडेकरू, कारागीर, गोदाममालक आणि वितरण कंपनी यांची एक कायमची समिती, जिच्यात कारागीर आणि बिसी चालवणाऱ्या बायका पाहुण्या म्हणून नव्हे तर सभासद म्हणून बसतील. तिसरं, बचतीच्या वाटणीचा लेखी करार: स्वस्त झालेल्या विजेतला किती भाग मागवाल्याकडे राहील, छपराच्या दुरुस्तीला किती जाईल, कारागिरांच्या खोल्यांवर किती खर्च होईल. आणि चौथं, हे सगळं आयोगापुढे हरकत-सूचना म्हणून मांडायची तयारी, म्हणजे भिवंडीचं म्हणणं मोर्चाबरोबर कागदावरही राहील.

माझ्या जुन्या मतातलं काहीतरी मी अजून जपून ठेवलं आहे. कैचीवर किती भार द्यायचा, अर्थिंग कसं करायचं, तारांना किती अंतर ठेवायचं, यावर मतदान होऊ नये. एखाद्या सभेत सगळ्यांनी आग्रह धरला तरी गंजलेल्या कैचीवर पॅनेल बसवायला मी नकारच देईन. सभेत ज्याचा आवाज मोठा त्याचंच चालतं, हा धोकाही खरा आहे. मालक बसलेला असताना भाडेकरू तोंड उघडत नाही, हे मी पाहिलं आहे. म्हणून वेगवेगळ्या गटांच्या बैठका आधी स्वतंत्र व्हाव्यात, मग एकत्र. पण हे धोके सभा चांगली कशी घ्यायची याचे आहेत. सभाच नको, हे त्यांच्यावरून सिद्ध होत नाही.

आधीचं मत मला सोडावं लागलं ते एका साध्या कारणाने. वीज दूरच्या केंद्रातून तारेने येत होती तोवर ती आणणाऱ्याला ग्राहकाला काही विचारावं लागत नव्हतं. खांब रस्त्यावर उभा राहायचा, मीटर भिंतीवर लागायचा. सूर्याची वीज माणसाच्या डोक्यावर तयार होते. तिला त्याचं छप्पर लागतं, पंचवीस वर्षांचा त्याचा शब्द लागतो, आणि त्याच्या धंद्याचा खरा हिशेब लागतो, जो तो फक्त विश्वास असलेल्या माणसापुढे उघडतो. हा हिशेब कुठल्याही कार्यालयात नाही. तो मिळवण्याचा एकच मार्ग आहे, त्याला विचारणं.

2017 मध्ये भिवंडीच्या वितरण फ्रँचायझीचं दहा वर्षांसाठी नूतनीकरण झालं आणि त्या कराराची मुदत जानेवारी 2027 पर्यंतची आहे. शहराच्या विजेबद्दलचे मोठे निर्णय करारांच्या अशाच टप्प्यांवर होतात आणि ते झाले की दहा वर्षं हलत नाहीत. वितरण कोणीही करो, त्याच्या करारात भिवंडीच्या छपरांवर किती वीज तयार व्हायची, ती यंत्रमागांना कोणत्या दराने मिळायची आणि दरवर्षी त्याचा हिशेब लोकांपुढे कोण मांडणार, ही कलमं असलीच पाहिजेत, आणि ती कलमं लिहिण्याआधी प्रत्येक प्रभागात व गोदामांच्या प्रत्येक गावात सुनावणी झाली पाहिजे. 2007 मध्ये अशी मागणी कोणी केली असती तर मी तिला विरोध केला असता. आता ती मागणी मी स्वतः करतो आहे, आणि ती घेऊन प्रभाग कार्यालयात जाणाऱ्यांमध्ये मी असेन.